वेशीतली मानमोडी

लोणावळा,
६ जानेवारी २०२५

ती. शकूआत्यास,
सप्रेम जय भीम.

तुझं कार्ड मिळालं. ‘फोन बादलीत पडला. बरं झालं. आता पतर लिव.’ एवढ्याच तीन ओळी, पण ग्रंथालयात माझ्या समोरच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना मी त्या वाचून दाखवल्या. आतोबा गेल्यावर पेन्शनच्या कागदावर अंगठा लावायचा नाही म्हणून तू सहीपुरतं शिकायला बसलीस, आणि आज मला पत्र मागतेस. तुझ्याकडे राहून मी बी.ए. केलं. आपल्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, ते तुझ्या भाकरीवर. त्याबदल्यात तुला अक्षरं तरी दिली, असं मनाला सांगत असते. पण तीही पुरती दिली नाहीत. जोडाक्षरांना हात लावायच्या आधीच मला इथे नोकरी लागली. तेव्हा आपलं ठरलंय तसंच कर. जोडाक्षर अडलं की ते सोडायचं आणि पुढे जायचं. मागच्यापुढच्यावरून अर्थ लागतो.

आता मुख्य गोष्ट. काल गावी गेले होते. आपल्या वेशीपाशी मानमोडी आली आहे. मानमोडी हा पक्षी आहे, चिमणीपेक्षा थोडा मोठा. थंडीत उत्तरेकडून येते, पण आपल्या मावळात क्वचितच कुणाला दिसते. सध्या एकच आहे. जमिनीवर उतरून मुंग्या खाते. जीभ लांब बाहेर काढते. आणि कुणी जवळ गेलं की मान सगळी मागे वळते, सापासारखी. बघून अंगावर काटा येतो. मी आईला दाखवली तर आई घाबरली. दादांना सांगितलं, ते गुरांना पाणी दाखवायला गेले.

मला आधी खात्रीच वाटेना. मी पुस्तकात पाहिलं, पुन्हा जाऊन पाहिलं, मोबाईलवर एक पुसट फोटो आला तो आमच्या पक्षीमंडळाच्या प्रदीप सरांना पाठवला. ते बँकेतून निवृत्त झालेत आणि दर रविवारी आम्हाला वलवणच्या तळ्यावर नेतात. ते म्हणाले, मानमोडीच ही. आता कुणाला सांगू नको, नाहीतर गर्दी होईल. १९ तारखेला दुपारी आपण मंडळाचे सहाजण जाऊ, आणि या वेळी पुढे तू चालायचंस. म्हणजे रविवारी दुपारी माणसं घेऊन मी तिला बघायला जाणार. दुर्बिणी त्यांच्या, पण शब्द माझा. ती दिसली नाही तर? आपल्या गावात असलं काही येतं यावर लोकांचा मुळातच विश्वास नसतो. मी तर सारखं तेच तेच मनात घोळवत बसले आहे.

एक गोष्ट लिहू की नको म्हणून कच्च्या कागदावर खोडली आणि पुन्हा लिहिली. मानमोडी जिथे दिसली तो काट्यांचा ढीग आहे. कोरोनाच्या साली गावाने वेस बंद केली तेव्हाचा. बाभळीच्या त्याच फांद्या, रस्त्याच्या कडेला ओढून टाकलेल्या, अजून तशाच पडल्या आहेत. वाळून पांढऱ्या झाल्या, बुडाशी मुंग्यांनी वारूळ केलंय. वेशीचं नाव काढलं की तू उठून आत जातेस, मला माहीत आहे. पण पक्षी त्याच ढिगावर होता, आणि तुला खोटी जागा सांगवेना.

आत्या, तू येशील का? वेशीच्या आत पाऊल टाक असं मी म्हणणार नाही. बाहेरच उभी राहा माझ्याजवळ. कान्हे स्टेशनवर मी घ्यायला येईन.

तुझी,
पायल


देहूरोड,
११ जानेवारी

पायल बाय,
जय भीम. तुजं पतर आलं. दोन दिस लावून वाचलं. जोड असलेलं सोडत गेले, तू सांगितलं तसं. सोडून पन सगळं कळलं. नसतं कळलं तर बरं होतं.

वेशीपाशी मानमोडी आलीय आन तू अशी आनंदानं लिवतेस. तुला काय ठाऊक मानमोडी. माजी आजी सांगायची. तिची आई मानमोडीचे साथीत गेली. सकाळी शेण काढत होती, सांजेला मान टाकली. एकाला पुरून माणसं येतात तर घरात दुसरं. गावात दिवा लावायला कुणी उरलं नाय. आजी तो शबुद घरात काढू देत नसे. मी देवाबिवाला भीत नाय, पन साथीला भिते. मी एक साथ बघितली.

तू लिवतेस एकच आहे. पयली एकच असते गं. मग ती घर बघत जाते. तू लिवतेस खाते. होय, खातेच ती. जीभ बाहेर येते, मान मागे वळते लिवतेस, आन कुणाला सांगू नको असं पन लिवतेस. तवा पन असंच झालं. कुणी कुणाला सांगितलं नाय मनून तर वाढलं.

आन तू रविवारी माणसं घेऊन बघायला जानार. काय जतरा हाय का. साथीतलं माणूस बघायला कुणी जात नसतं बाळ. आमचे हे दवाखाना भरला तवा आत होते, मला तरी कुठं बघू दिलं. पिशवीत बांधून नेलं. चेहरा पन नाय.

राजूला सांग. तुजे बापाला सांग की शकूताईनं सांगितलंय, वेशीत काटे टाक. तवा टाकले तसे टाक. बाहेरचं कुणी आत नको आन आतलं कुणी बाहेर नको. पायलला तर घराबाहेर सोडू नको. काठी घेऊन उभा राहा मनावं.

तुला ठाऊक हाय मी ती वेस परत बघनार नवते. आमचे हे गेले आन मी माहेर मनून चालत आले, तवा राजू काठी घेऊन उभा. मनाला ताई माघारी जा. आपले आजानं येसकरकी सोडली, बाबासाहेबांचं ऐकून. गावाची वेस राखायची काठी तेनं आडात टाकली. आन माजे भावानं ती परत हातात धरली, ती माजेसाठी. हे मी विसरनार नाय.

पन तू ऐकनारी नाहीस. लहानपनापासून नाहीस. तू जानार असलीस तर मी येते. रविवारी दुपारी. तुला हाताला धरून हिकडं घेऊन येते. राजूशी बोलायला येत नाय, तेवढं धेनात ठेव.

फोन दुकानात हाय. दुकानदार मनतो सोमवारी देतो. कोणता सोमवार ते सांगत नाय.

शकू आतया


लोणावळा,
१५ जानेवारी

मानमोडी हे पाखरू आहे. साथ नाही. गावात सगळी बरी आहेत. आई बरी, दादा बरे, मी बरी.

आत्या, वरच्या तीन ओळींत एकही जोडाक्षर नाही, तीनदा तपासून पाहिलं. त्या आधी वाच आणि श्वास घे. मग बाकीचं शेजारच्या कोमलकडून वाचून घे.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. मी जिन्यातच बसले. तुझा फोन लावत राहिले, बंद. मग घरी येऊन माझ्या पत्राचा कच्चा कागद काढला आणि पेन्सिलीने त्यातली जोडाक्षरं एकेक खोडली, तू सोडलीस तशी. ‘पक्षी’ गेला. ‘दुर्बिणी’ गेल्या. ‘उत्तरेकडून’ गेलं. ‘मुंग्या खाते’ मधल्या मुंग्या गेल्या आणि ‘खाते’ तेवढं राहिलं. उरलेलं वाचलं तर मलाही साथच दिसली. तू काहीच चुकीचं वाचलं नाहीस. जे सोड म्हणून मी सांगितलं तेच सोडलंस. शिकवणारीनेच अर्धवट शिकवलं होतं.

ग्रंथालयात शोधलं. शंभर वर्षांपूर्वीच्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत, हे मला ठाऊकच नव्हतं. माणसं मान टाकत म्हणून साथीचं नाव तसं पडलं असावं. पाखराचं नाव तसं आहे कारण ते मान मोडून मागे बघतं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ते गरीब आहे गं, मुंग्यांखेरीज कुणाचं काही घेत नाही.

आता जे लिहायला मला आज दिवसभर जड गेलं ते लिहिते. तू येते म्हणालीस. इतकी वर्षं मी तुला कधी लग्नाला, कधी आईच्या आजारपणात, कधी चौदा एप्रिलला चल म्हटलं, तू आली नाहीस. आता येते म्हणालीस ती खोट्या भीतीपायी. हे पत्र टाकलं नाही तर तू येशील, हे मला कळतं. पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन एकदा परतही आले. पण तुला फसवून वेशीत उभी केली आणि तिथे तुला कळलं, तर तू माझ्याही घरी पुन्हा येणार नाहीस, आणि तुझं बरोबरच असेल. म्हणून स्पीडपोस्टने पाठवते आहे.

संध्याकाळच्या लोकलने स्वतः येऊन सांगता आलं असतं. नाही आले, कारण समोर बसले की मी तुला ‘तरी ये ना’ म्हणणार. कागदावर तेवढा धीर राहतो.

तेव्हा येऊ नकोस. म्हणजे, भीतीने येऊ नकोस.

काट्यांबद्दल आणि काठीबद्दल जे लिहिलंस ते दादांना, तुझ्या राजूला, अजून सांगितलेलं नाही. ते सांगायचं की नाही हे मला ठरवता येत नाही. त्या दिवशी मी घरात होते. आईने मला आतून कडी लावून ठेवलं होतं. तुझा आवाज मात्र मी ऐकला होता.

तुझी,
पायल


लोणावळा,
२१ जानेवारी

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम.

रविवारी तू जे पाहिलंस ते तुला माहीतच आहे. पण तू समोरून पाहिलंस. मी पाठीमागून पाहिलेलं लिहिते, कारण तुझ्यापर्यंत ते दुसऱ्या कुणाकडून पोचणार नाही. दादा तर सांगणारच नाहीत.

शनिवारी संध्याकाळी गावी गेले. पेटीपाशी घातला तसाच घोळ तिथेही घातला. शेवटी तुला न विचारता तुझं पत्र दादांना वाचून दाखवलं. रागवायचं असेल तर यासाठी रागव. ते ओट्यावर कोयत्याला धार लावत होते. येसकरकीचं वाक्य आलं तेव्हा त्यांचा हात थांबला. मी पुढे वाचणार तर म्हणाले, “ते काट्याचं परत वाच.” मी ‘वेशीत काटे टाक, पायलला घराबाहेर सोडू नको’ हे पुन्हा वाचलं. ते म्हणाले, “आजून एकदा.” तिसऱ्यांदा ऐकल्यावर कोयता तसाच ठेवून ते गोठ्यात गेले. आई म्हणाली, जाऊ दे, आज गुरांशी बोलतील. मी त्यांना सांगितलं होतं की तुला खरं कळवलंय, तू येशीलच असं नाही. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

रविवारी दुपारी मंडळाच्या लोकांना कान्ह्याहून चालवत आणलं. वाटेत मी इतक्या वेळा ‘दिसेलच असं सांगता येत नाही’ म्हटलं की प्रदीप सर म्हणाले, पायल, पाखरू आपल्या नोकरीला नाही, तू कशाला त्याच्या वतीने रजेचा अर्ज देतेस? सगळे हसले, मीही हसले. वळणावरून वेस दिसली आणि माझं हसू गेलं.

ढीग नव्हता. जिथे इतकी वर्षं फांद्या पडून होत्या तिथे मोकळी, झाडून काढलेली माती होती. दादा सकाळपासून एकटेच उपसत होते. सगळे काटे ओढून बांधाला नेऊन टाकले होते, दोन्ही हात ओरबाडलेले. आता बाभळीखाली कोयता मांडीवर घेऊन बसले होते. मला रडूच आलं. पक्षी त्या ढिगाच्या आसऱ्याने राहिला होता, आणि आजच्याच दिवशी ढीग गेला. मी दादांना बाजूला घेऊन विचारलं, आजच कशाला, इतक्या वर्षांत हात लावला नाही, उद्या लावला असता. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “ताई येनार हाय. तिला परत काट्यातनं आणू व्हय?”

मी म्हटलं, ती येणार नाही, मी लिहिलंय. ते म्हणाले, “तू लिवलंस. तिनं न्हाई लिवलं.”

आम्ही बराच वेळ बसलो. घार दिसली, कोतवाल दिसला, भारद्वाज ओरडत गेला. दोघीतिघी घड्याळात बघायला लागल्या. कुणी मला बोललं नाही, तेच जास्त लागत होतं. प्रदीप सरांनी हळूच विचारलं, परतताना आंद्रा धरणाच्या पाण्यावर जाऊन बदकं बघूया का. मला सावरायला म्हणूनच विचारलं. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्यांनीच माझं मनगट धरलं.

ती आली होती. उघड्या मातीवर, जिथे वारूळ फुटून मुंग्या सैरावैरा झाल्या होत्या, बरोबर त्याच जागी उतरली होती. ढीग होता तेव्हा ती कधी अशी उघड्यावर आली नव्हती. सगळ्यांनी एकदम दुर्बिणी उचलल्या. आणि दुर्बिणीत तिच्या मागे, रस्त्याच्या वळणावर, मला जांभळं लुगडं दिसलं.

आत्या, तुला तिकडून काय दिसलं असेल ते मला तेव्हा लख्ख कळलं. वेशीत उभी माणसं, सगळ्यांचे डोळे तुझ्यावर, आणि मधे हातात कोयता घेऊन तुझा भाऊ. तू थांबलीस. तोंडाला मास्क, हातात पिशवी. मला पळत तुझ्याकडे यायचं होतं. पण सर ओठ न हलवता म्हणाले, “कुणी हलू नका.” ते पाखरासाठी म्हणाले. दादा उठून उभे राहिले होते, तेही जागच्या जागी थिजले. तू तिकडे, दादा इकडे, आणि मधे ती मुंग्या खात होती.

दादांना एक मिनिट स्वस्थ उभं राहता येत नाही, तुला माहीत आहे. ते उभे राहिले. मी दुर्बीण पाखरावर लावलीच नाही, खरं सांगते. मी दादांचा हात बघत होते. मग ते अगदी सावकाश गुडघ्यात वाकले आणि कोयता मातीवर ठेवला, आवाज होणार नाही असा. हात रिकामे केले आणि तसेच तुझ्याकडे बघत वाकून राहिले. त्या हालचालीने मानमोडीने मान पूर्ण मागे फिरवली. आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. मग ती उडाली आणि बाभळीच्या सालीत अशी मिसळली की होती की नव्हती.

तेव्हा तू म्हणालीस, “येवढी मानसं कशाला उभी केलीस रं राजू? मी येकलीच हाय.”

प्रदीप सर मोठ्याने हसले. त्यांना वाटलं, ही गमतीची बाई आहे. दादा हसले नाहीत. त्यांचा आवाज मला अनोळखी वाटला. म्हणाले, “काटं काढल्यात, ताई. पर सांभाळून ये, येखादा ऱ्हायला आसंल.” आणि तुझ्यापुढे वाकून वाकून जमीन चाचपत, मागे मागे सरकत घराकडे निघाले. तू पावलं टाकत होतीस आणि ते प्रत्येक पावलाआधीची माती बघत होते. मी तेवढंच पाहिलं. लोकांना परत न्यायचं होतं, मला थांबता आलं नाही.

मंडळात माझं कौतुक झालं. सरांनी रीतसर नोंद केली, फोटो सुंदर आलेत. आणि मी तेव्हापासून झोपलेले नाही, कारण तुझ्या तोंडाला मास्क होता. म्हणजे माझं पत्र तुला मिळालं नव्हतं. म्हणजे तू साथीला भिऊन, मला ओढून न्यायला, जिवावर उदार होऊन आलीस, आणि मी पाखरं बघत उभी होते. टपालाला उशीर झाला हे म्हणणं सोपं आहे. मी स्वतः यायला हवं होतं. कृपा करून खरं सांग. पत्र कधी मिळालं? आणि संध्याकाळी घरात काय झालं? आईला विचारलं तर ती म्हणते, भाकरी खाल्ल्या, दुसरं काय.

तुझी,
पायल


देहूरोड,
२८ जानेवारी

पायल बाय,
जय भीम. फोन दुकानातून आला. तुला लावनार नाय. हे कागदावर बरं.

तू विचारलंस मनून सांगते. तुजं पतर शुकरवारी दुपारीच आलं. वरचे तीन ओळी मी माजं मी वाचलं. पाखरू आहे. मग कोमलला बोलावलं. तिनं बाकी वाचलं, आन मोबाईलवर मानमोडी दाखवली. मान मोडून बघते तशी. आमी दोघी इतकं हसलो की खालची बाई वर आली. मग कोमलनं मला तो शबुद लिवून दाखवला. क आन ष एकमेकांत घुसले की होतो मनाली. दोन पानं गिरवला. बघ. पक्षी. पक्षी. आता सोडनार नाय.

तवा साथ नाय हे मला शुकरवारीच ठाऊक होतं. तू झोप आता.

शनिवारी मनाशी मनाले, साथ नाय तर कशाला जायचं. पिशवी भरलेली सोडून ठेवली. मग तुजं पेनसिलीचं आठवलं, ते खोडून वाचलंस ते. मी पन माजं पतर आठवून बघितलं. मी काय लिवलं होतं. वेशीत काटे टाक. पायलला सोडू नको. काठी घेऊन उभा राहा. हे माजेच हातानं लिवलं. लिवताना हात जरा पन अडला नाय. का, तर तू आत होतीस. पायल, तवा पन तू आतच होतीस. मी बाहेर होते मनून मला तेवढं दिसलं नाय.

मग पिशवी परत भरली.

राग गेला असं समजू नको. तेचं चुकलंच. सांजेला भाकर खाऊन झाली तवा मी तेला मनाले, राजू, माघारी जा मनालास, निदान तांबेभर पानी विचारायचं. काठीचं पन बोलले, आजाचं नाव घेऊन. तुजी आई उठून चुलीकडं गेली. तो खाली बघत होता. मग मनाला, ताई, तू वळलीस तवा मी काठी तितंच टाकली आन तुजे मागं आलो. लांबून. बांधाबांधानं. हमरसता आला तवा तू दुधाचे गाडीत बसलीस, मागे किटलीवर डोकं टेकलंस, तेवढं बघून वळलो.

खरं का खोटं मनून मी तेचेकडं बघत राहिले. पन पायल, दुधाचे गाडीतून आले हे मी कुणाला सांगितलं नवतं. तुला पन नाय. लाज वाटायची.

मी सोमवारी निघाले तवा तो वेशीपतूर आला. मी मनाले आता पुढं ये की, लांबून कशाला. तवा टेसनापतूर आला. पिशवी तेनं धरली. गाडी येईसतवर दोघं बसलो. तो मनाला ती मानमोडी उनाळा लागला की जाते का. मी मनाले पायलला विचारून सांगते. तर लिव, जाते का. आन परत येते का.

मासक तेवढा राहिला. तू मनतेस घाबरून लावला. नाय गं. वेशीत पाय ठेवला की मला काय होईल ते माजं मला ठाऊक नवतं. रडू आलं तर राजूला दिसायला नको, मनून तोंड झाकलं.

पुढचे पतरात जोड घालून लिव. मोठे मोठे घाल. सोडनार नाय. एक मी माजं मी जोडलं, कोमलला न विचारता. खाली हाय. बरोबर हाय का ते कळव.

तुझी
आत्या